अकाली वलीचे भय आणि वैद्यांचे उत्तर

‘आत्तापासून सुई घेतली तर पुढे सुरकुत्या पडतच नाहीत, हे खरे काय?’ हा प्रश्न काही वर्षांपूर्वीपर्यंत पुण्या-मुंबईच्या वैद्यांपुढे येत असे. आता तो जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आमच्या आष्टीसारख्या, शेतीवर जगणाऱ्या गावीही विचारला जातो. विचारणारी बहुधा २२ ते २७ वर्षांची मुलगी असते, तिचे लग्न ठरत आलेले असते किंवा ठरत नसते, आणि सोबत आई असली तर आईचा चेहरा मुलीपेक्षा अधिक चिंताक्रांत असतो. अलीकडे मुलगेही विचारू लागले आहेत, पण ते दवाखान्यात येत नाहीत, औषधाच्या दुकानाच्या फळीशी उभे राहून हलक्या आवाजात विचारतात. म्हणूनच प्रस्तुत विषय वैद्यांइतकाच औषधविक्रेत्या सभासदांचाही आहे. शहरातील त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी ही मुले आपल्याकडे येतात, आणि आपण जे बोलू त्यावर पुष्कळ काही ठरते.

आमचे उत्तर आम्ही आरंभीच सांगून टाकतो. तिशीच्या आत, निरोगी माणसाने, केवळ पुढे वली पडू नयेत म्हणून बोटुलिनम विषाची सुई घेण्याचे कारण आम्हास दिसत नाही. तथापि आपल्यापैकी अनेकजण या उत्तरास जी कारणे जोडतात ती आम्हास मान्य नाहीत. ‘ते विष आहे’, ‘ते पाश्चात्त्यांचे खूळ आहे’, ‘आपल्या तेलाने तेच काम होते’, ही तीन वाक्ये आम्ही संमेलनांतून वारंवार ऐकली आहेत. पहिले अपुरे आहे, दुसरे गैरलागू आहे आणि तिसरे असत्य आहे. आजची मुलगी भ्रमणध्वनीवर अर्ध्या तासात या तिन्हींची शहानिशा करते, आणि एकदा वैद्य चुकीचे बोलतो असे तिला वाटले की त्याचा खरा सल्लाही वाया जातो.

आधी विषाचे पाहू. क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे हे विष. जर्मनीतील वैद्य व कवी युस्टिनस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास खराब झालेल्या मांसाच्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले, आणि हेच विष अल्प मात्रेत औषध ठरू शकेल असा तर्कही त्यांनीच मांडला. १८९५ मध्ये बेल्जियममधील एका विषबाधेनंतर व्हान एर्मेंगेम यांनी त्यामागचा जिवाणू शोधला. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर त्याचा प्रयोग करून १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांचे आकुंचन यांसाठी अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. कॅनडातील व्हँकुव्हर येथे जीन कॅरुथर्स या नेत्रतज्ज्ञ स्त्रीच्या ध्यानात १९८७ मध्ये आले की, पापण्यांसाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या भुवयांमधील आठ्याही नाहीशा होतात. त्यांनी पती ॲलिस्टर कॅरुथर्स या त्वचारोगतज्ज्ञांसह १९९२ मध्ये तो अनुभव लिहिला, आणि एप्रिल २००२ मध्ये भ्रूमध्यातील आठ्यांसाठी अमेरिकेची मान्यता आली. नेत्रकोनांतील रेषांसाठी ती २०१३ मध्ये व कपाळासाठी २०१७ मध्ये मिळाली.

योग्य युक्तीने वापरलेले तीक्ष्ण विषही उत्तम भेषज होते, आणि दुर्योजित भेषजही विष होते, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. आपण स्वतः वत्सनाभ वापरतो, भल्लातक वापरतो, कुचला वापरतो. तेव्हा केवळ ‘विष’ या शब्दाने मुलीला घाबरवणे वैद्यास शोभत नाही. विचारावयाचे ते एवढेच, की या विषाची योजना येथे कोणत्या व्याधीसाठी आहे? व्याधी कोणता?

येथे मुद्दा उलगडू लागतो. हे औषध त्वचेवर काम करीत नाही. नाडीच्या टोकाशी ॲसिटिलकोलिनचा स्राव थांबवून ते स्नायू काही काळ निश्चेष्ट करते. स्नायू आकुंचन पावत नाही म्हणून त्यावरील त्वचेस घडी पडत नाही. परिणाम तीन ते चार महिने टिकतो. भ्रूमध्यासाठी मान्य मात्रा २० एकके, पाच ठिकाणी विभागून. आणि मान्यता आहे ती प्रौढ व्यक्तीच्या मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या, म्हणजे प्रत्यक्ष पडलेल्या, आठ्या तात्पुरत्या सुधारण्यासाठी. न पडलेल्या वली पुढे पडू नयेत म्हणून ते द्यावे, असे त्या मान्यतेत कोठेही नाही. ‘प्रतिबंधक सुई’ हा शब्द जाहिरातीने जन्मास घातला आहे.

प्रतिबंधाच्या बाजूने पुरावा मुळीच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २००६ मध्ये जुळ्या बहिणींची एक तुलना प्रसिद्ध झाली. एकीने १३ वर्षे नियमित सुया घेतल्या होत्या, दुसरीने त्या काळात दोनदाच. पहिलीच्या चेहऱ्यावर स्थिर रेषा कमी होत्या. हे निरीक्षण लक्षणीय आहे, आणि तर्कास धरूनही आहे. जेथे घडीच पडत नाही तेथे घडीची खूण पडणार कशी? परंतु ही एका जोडीची गोष्ट आहे. आणि तीतही १३ वर्षे अखंड सुया घेणे हीच मूळ अट आहे. चोविसाव्या वर्षी आरंभ करून चव्वेचाळिसाव्यापर्यंत चार महिन्यांस एकदा असे धरले, तर ६० वेळा सुई आणि एकट्या भ्रूमध्यासाठी १२०० एकके. शहराच्या खेपा, दर खेपेचे काही हजार रुपये, आणि मध्येच थांबल्यास स्नायू पूर्ववत. लग्नापूर्वी ‘एकदाच करून घेऊ’ म्हणणाऱ्या आईस हा हिशेब कोणी सांगत नाही. आपण कागदावर मांडून दाखवावा. तो मांडल्यावर बहुतेक वेळा पुढे फार बोलावे लागत नाही, असा आमचा अनुभव आहे.

काही धोके थोडे पण खरे आहेत. औषध पापणीच्या स्नायूपर्यंत पसरले तर पापणी काही आठवडे खाली लोंबते. वारंवार दुर्बल ठेवलेला स्नायू कृश होतो. थोड्या लोकांच्या शरीरात या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन पुढे ते लागू पडेनासे होते. आणि हेच द्रव्य पक्षाघातानंतरच्या आखडलेल्या हातास, मान वाकडी करणाऱ्या विकारास उपयोगी पडणारे आहे, हे विसरू नये. तरुणपणी केवळ आरशासाठी ते खर्ची घालावे काय, हा प्रश्न आम्ही मुलीसमोर ठेवतो. उत्तर तिनेच द्यावयाचे असते. सज्ञान व्यक्तीच्या चेहऱ्यावर निर्णय तिचा. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत मात्र दुमत असू नये. इंग्लंडने तर २०२१ मध्ये कायदा करून १८ वर्षांखालील कोणासही सौंदर्यासाठी ही सुई वा भरणद्रव्य देणे गुन्हा ठरविला आहे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. जरा हा स्वभावबलप्रवृत्त व्याधी होय, आणि तो कालज व अकालज असा द्विविध, हे सुश्रुतांनी सांगितले आहे. शरीराचे नीट परिरक्षण केल्यावरही यथाकाल येते ती कालज जरा. परिरक्षणाच्या अभावी आधी येते ती अकालज. वयोविभाग सांगताना वली, पलित व खालित्य यांनी युक्त असे वर्णन त्यांनी सत्तरीनंतरच्या वयाचे केले आहे. विसापर्यंत वृद्धी, तिसापर्यंत यौवन, चाळिसापर्यंत सर्वधातूंची संपूर्णता. शार्ङ्गधरांनी दर दशकास एकेका भावाचा ऱ्हास सांगितला, त्यात तिसऱ्या दशकात छवी जाते व पाचव्या दशकात त्वचा. हा क्रम आम्हास फार मार्मिक वाटतो. पंचविशीतील मुलीची तक्रार नीट ऐकली तर ती वलीची नसतेच. ती छवीची असते. तेज उतरले आहे, डोळ्यांखाली काळे झाले आहे, गालावर व्यंग उमटले आहे, यौवनपिडकांचे डाग राहिले आहेत, त्वचा रूक्ष झाली आहे. यांपैकी एकाही गोष्टीवर स्नायू निश्चेष्ट करणारे औषध काम करीत नाही. भलत्या ठिकाणी भलते औषध मागितले जात आहे, आणि ते लक्षात आणून देणे हे वैद्याचे पहिले काम आहे.

त्या मुलीची जीभ पाहावी, नखे व पापण्यांची आतली बाजू पाहावी, रजःप्रवृत्तीची चौकशी करावी. मराठवाड्यातील मुलींत पांडु किती आहे हे येथे आम्ही सांगावयास नको. रक्त तपासून पाहिल्यावर कोणत्या चेहऱ्यास सुई हवी होती आणि कोणत्या चेहऱ्यास लोह, हे कळते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी रात्री दोनपर्यंत जागणे, सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी फरसाण, मलावष्टंभ. अशा निदानपंचकातील पहिल्याच पायरीवर उभे असलेले चेहरे आम्ही नित्य पाहतो.

आणखी एक हेतू आपल्या ग्रंथांत नाही, तो भ्रमणध्वनीचा. हातभर अंतरावरून स्वतःच स्वतःचे काढलेले छायाचित्र चेहरा खरा दाखवीत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील वैद्यांनी गणिताने दाखविले की, सुमारे एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाकाचा पाया पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद दिसतो. जवळच्या भिंगाने कपाळाची साधी हालचालही आठी म्हणून उमटते. मुलीला एवढेच सांगावे की, आईने पाच-सहा पावलांवरून काढलेले छायाचित्र आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

अकालज जरेचे सर्वांत मोठे कारण आमच्या भागात डोक्यावर आहे. आतप. कापसाची वेचणी, सोयाबीनची खुरपणी, तुरीची कापणी यांत दिवसभर उन्हात वाकलेल्या चाळिशीतील बायांचे चेहरे पाहावे. बाह्यतः त्या पंचावन्नच्या वाटतात, आणि त्यांच्याच पदराखालील दंडाची त्वचा पाहिली तर ती चाळिशीचीच असते. एकाच शरीरावर कालज व अकालज जरेचा हा भेद उघड दिसतो. (या बायांपैकी कोणी कधी वलींसाठी दवाखान्यात आल्याचे आम्हास आठवत नाही. त्या कंबरेसाठी येतात.) उन्हापासून रक्षण केल्यास त्वचेची जरा मंदावते यास आता चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधील नांबूर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ लोकांवर साडेचार वर्षे झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज सूर्यरोधक मलम लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य मनास येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले. चरक व वाग्भटांनी दिनचर्येत छत्र धारण करण्यास सांगितले ते उगीच नव्हे. महाविद्यालयात दुचाकीवरून जाताना आमच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात. त्यांची थट्टा करण्याची चाल आहे, परंतु आमच्या मते वलीप्रतिबंधाचा याहून स्वस्त व निर्दोष उपाय दुसरा नाही. तरुणांना याच प्रसंगी धूम्रपानाचेही सांगावे. विडी-सिगारेटने ओठांभोवती व डोळ्यांभोवती लवकर वली पडतात, हे ऐकल्यावर कर्करोगाच्या चित्राने न हललेला तरुण किंचित हलतो.

आता आपल्या घरातील केराकडे येऊ, कारण सुईपेक्षा आम्हास त्याची चिंता अधिक आहे. सुई महाग आहे, शहरात आहे, म्हणून आष्टीची मुलगी सुईचा विचार करते आणि घेते मात्र शंभर-दीडशे रुपयांची नळी. या नळ्यांत बहुधा तीन द्रव्यांचे मिश्रण असते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, पिडका बसतात, मुलगी प्रसन्न होते, आणि शेजारणीला नाव सांगते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, खालच्या शिरा दिसू लागतात, लव वाढते, उन्हात जळजळ होते, आणि नळी थांबविली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. तारुण्य टिकविण्यासाठी घेतलेले औषध त्वचेस अकाली म्हातारी करते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइड मलमांची सवलत काढून त्यांस अनुसूची ‘एच’ च्या बंधनात आणले. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. हे सर्व औषधविक्रेत्या बंधूंना ठाऊक आहे. तरीही फळीवर काय चालते, हेही सर्वांना ठाऊक आहे. दुकानातील मुलगा एका नळीमागे मिळणारे थोडेसे कमिशन पाहतो. त्याला दोष देऊन भागणार नाही, परवाना मालकाच्या नावे असतो.

त्याहून वाईट गोष्ट बिनानावाच्या डब्यांची. अकोला आपल्यापासून फार दूर नाही. तेथील एका कुटुंबातील विशीतील विद्यार्थिनी, तिची आई व बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांस इजा झाली. कारण शोधता शोधता वैद्य सौंदर्यप्रसाधिकेकडून घेतलेल्या गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचले, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या साहाय्याने केलेल्या तपासणीत तीत पारा आढळला. २०२३ च्या आरंभी ही वार्ता वृत्तपत्रांतून आली. केरळातील कोट्टक्कल येथील वैद्यांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत ‘नेल-१’ नावाचे प्रथिन आढळले, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरीत होते. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मिसळताच येत नाही. अनवधानाने आलेला अंशही दशलक्षांत एक भाग एवढ्यापलीकडे चालत नाही.

येथपर्यंत वाचून ज्या वैद्यबंधूंना ‘आपण यातून सुटलो’ असे वाटले असेल त्यांच्यासाठी पुढील गोष्ट. मूत्रपिंडाच्या याच विकाराचे, याच प्रथिनाचे रुग्ण पोटात घेतलेल्या पारंपरिक औषधांमुळेही आढळल्याचे २०२२ मध्ये दक्षिण भारतातील संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या काही औषधांत पारा होता, आणि औषध थांबविल्यावर अनेकांचा विकार उतरणीस लागला. शोधन-मारणाच्या संस्कारांवर आमची श्रद्धा आहे, आणि सिद्ध कल्पाचा विचार वेगळा हेही आम्ही जाणतो. परंतु कोणत्या भट्टीतून आली, कोणी सिद्ध केली, परीक्षा झाली की नाही, याचा पत्ता नसलेली पुडी ‘कांती वाढते’ म्हणून विशीतल्या मुलीला देणारे आपल्यात नाहीत, असे शपथेवर कोण म्हणेल? आमचे मत स्पष्ट आहे. केवळ सौंदर्यासाठी, अन्य व्याधी नसताना, पारदयुक्त कल्प तरुणांस देऊ नये. ज्यांना हे अतिरेकी वाटेल त्यांनी पुढील अंकासाठी अवश्य लिहावे.

तेलांच्या बाबतीतही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कुंकुमादि तैल अष्टांगहृदयाच्या उत्तरतंत्रात क्षुद्ररोगांच्या प्रकरणी आले आहे, आणि व्यंगावर त्याचा उपयोग आम्ही करतो. पण केशराचा बाजारभाव ज्याला ठाऊक आहे त्याने पन्नास रुपयांच्या बाटलीत केशर किती असेल याचा विचार करावा. त्याच बाटलीवर अलीकडे ‘हर्बल बोटॉक्स’ अशी चिठ्ठी दिसते. ही भाषा आपण वापरू नये. कोणतेही तैल, कोणताही लेप नाडी व स्नायू यांच्या संधीवर ते काम करीत नाही. करू लागला तर तो विकण्यास बंदी घालावी लागेल. शिवाय औषध नियमांच्या अनुसूची ‘जे’ मध्ये, ज्या अवस्था दूर करतो असा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत अकाली वार्धक्य व अकाली केस पिकणे हे दोन्ही आहेत, हे निर्मात्या सभासदांनी चिठ्ठी छापण्यापूर्वी पाहून घ्यावे. आपल्या तैलाची प्रतिष्ठा उसन्या नावाने वाढत नाही, आणि ते जे करते ते थोडे नाही. अभ्यंगाचे नित्य सेवन करणाऱ्यास जरा कमी स्पर्श करते असे चरक म्हणतात, नस्यशील मनुष्याच्या मुखाची व स्कंधाची त्वचा घन व प्रसन्न राहते असे वाग्भट म्हणतात, तेवढे म्हणावे.

मुखलेपाचा विधी तर आपण जवळजवळ विसरलो आहोत आणि तो सौंदर्यप्रसाधनगृहांनी चुकीचा उचलला आहे. वाग्भटांनी सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लेपाचे दोषहर, विषहर व वर्ण्य असे तीन प्रकार, आणि जाडीचे पाव, तृतीयांश व अर्धा अंगुल असे तीन माप दिले आहे. वात-कफात तो कोमट, अन्यत्र शीत. लेप ओला असेपर्यंतच ठेवावा, वाळलेला लेप छवी बिघडवितो. तो ओला करून काढावा आणि नंतर मुखास स्नेह लावावा. आज सर्वत्र मुलतानी माती चेहऱ्यावर तडे जाईपर्यंत वाळू देतात व ओरबाडून काढतात, हे नेमके याच्या उलट. पीनस, अजीर्ण, अरोचक, हनुग्रह असताना, नस्य दिले असता आणि जागरण झाले असता लेप वर्ज्य सांगितला आहे. जागरणाने उतरलेल्या चेहऱ्यावर रात्री लेप थापणाऱ्या विद्यार्थिनीस हा निषेध वाचून दाखवावा! लेप असता दिवास्वाप, बोलणे, ऊन, अग्नी, शोक व क्रोध टाळावा. हेमंतापासून शरदापर्यंत सहा ऋतूंचे सहा लेप दिले आहेत. हेमंतात बोरातील मगज, लोध्र, पांढरी मोहरी अशी उष्ण द्रव्ये, ग्रीष्मात कमळे, दूर्वा, ज्येष्ठमध, चंदन. आमच्या वैशाखात दूर्वा व ज्येष्ठमध तरी कोणास न मिळण्यासारखे नाहीत. आणि अशा लेपाच्या सम्यक् योगाने अकालपलित, व्यंग व वली जातात असे फलही ग्रंथात आहे. ते किती अंशी प्रत्ययास येते हे आपण छायाचित्रे ठेवून, नोंदी करून पाहिले पाहिजे. पुण्या-नाशिकच्या महाविद्यालयांनीच ते करावे असे नाही. दोन तालुक्यांतील दहा वैद्य मिळूनही ते होईल.

येथे प्रतिपक्षाचा एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. रसायन पूर्व वयात अथवा मध्यम वयात सेवन करावे असे सुश्रुतच सांगतात, मग वलीचा उपाय तरुणपणी करणाऱ्या मुलीस आपण कोणत्या तोंडाने थांबा म्हणावे? आक्षेप योग्य आहे. आमचे म्हणणे ‘थांबा’ असे नाहीच. आरंभ आत्ताच करावा, पण धातूंपासून करावा. आवळ्याच्या हंगामात आवळा, शक्य तेथे दूध-तूप, वेळेवर झोप, आठवड्यातून दोनदा तरी अभ्यंग, उन्हात डोक्यावर वस्त्र. आचाररसायनात चरकांनी अक्रोध व सम जागरण-निद्रा यांस स्थान दिले ते केवळ नीतीसाठी नव्हे. भ्रूमध्यातील आठी कोणत्या भावाने पडते हे प्रत्येकास ठाऊक आहे. स्नायू थांबवून आठी जाते, आठीचे कारण तसेच राहते. पाहण्याच्या कार्यक्रमात तीनदा नकार आलेल्या मुलीच्या कपाळावरील ती रेषा आम्ही वलींत मोजत नाही. तेथे आईशी स्वतंत्र बोलावे लागते, आणि ते बोलणे औषधापेक्षा अवघड असते. अभियांत्रिकीच्या किंवा परिचारिका अभ्यासक्रमाच्या शुल्कासाठी ठेवलेले पैसे चेहऱ्यावर जाणार असतील तर वैद्याने ते तोंडावर बोलून दाखवावे. घरचा वैद्य याचसाठी असतो.

शेवटी, आपल्यातील जे तरुण वैद्य शनिवार-रविवारचा सौंदर्यचिकित्सेचा वर्ग करून स्वतः सुया देऊ लागले आहेत त्यांच्याविषयी. उपजीविकेची ओढ आम्ही समजू शकतो. नुसत्या काढ्यावर दवाखान्याचे भाडे निघत नाही. परंतु बोटुलिनमची कुपी दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि भारनियमनाच्या दिवसांत आपल्या गावी शीतकपाटाचा भरवसा किती? ओठ व गाल भरण्याच्या द्रव्यांचा धोका तर याहून मोठा. ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा काळी पडून मरते, आणि क्वचित दृष्टी कायमची जाते. अशा वेळी हायल्युरोनिडेझ हाताशी असावे लागते आणि नेत्रतज्ज्ञ काही मिनिटांच्या अंतरावर असावा लागतो. आष्टीहून जालना किंवा छत्रपती संभाजीनगर किती दूर आहे ते आपण जाणतो. ज्याची आपत्ती आपल्याला निस्तरता येत नाही ते कर्म हाती घेऊ नये, या शल्यतंत्रातील साध्या शिस्तीला येथे अपवाद नाही. पस्तिशी-चाळिशी उलटलेली, विचार करून निर्णय घेतलेली व्यक्ती आली तर तिला योग्य त्वचारोगतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. औषधाचे नाव, कुपीवरील क्रमांक व दिलेली एकके लिहून मागण्यास सांगावे. गर्भिणी, स्तनदा आणि स्नायूंच्या विकाराने ग्रस्त रुग्णास हे वर्ज्य आहे, याची आठवण द्यावी.

तालुका शाखेच्या पुढील बैठकीत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. औषधविक्रेत्या सभासदांनी स्टेरॉइडयुक्त नळ्या फळीवरून काढून आतल्या कपाटात ठेवाव्यात व चिठ्ठीवाचून देऊ नयेत. निर्माता, परवाना क्रमांक व घटक छापलेले नसलेली कोणतीही चेहऱ्याची क्रीम विकू नये. आणि वैद्यांनी चेहऱ्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णास घरातील सर्व नळ्या व डब्या पिशवीत घालून आणण्यास सांगावे. संशयित डबी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीस पाठवावी, आणि जी मुलगी वर्षभर असे काही लावीत आहे तिच्या मूत्रातील प्रथिने तपासावीत. ती चाचणी आष्टीतही होते.